ताडपत्री बाहेर, पाणी आत

आमची मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, 12 वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली. इंग्लंडमध्ये लेस्टरला घरासमोर उभी असते. पहिल्या हिवाळ्यात तिची बेगमी करताना मी पक्का राजापूरचा झालो. मिरगाच्या आधी घर आवळतात तसं खिडक्या, स्कायलाइट (छतातली खिडकी), कपाटं सगळं घट्ट लावलं आणि वरून निळी ताडपत्री बांधली. गाठी बघून स्वतःवरच खूश.

नाताळात ताडपत्री सोडून तीन रात्री पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत गेलो. रोज आत खिचडी, चहा, ओले बूट, ओली जॅकेटं. परत आलो आणि पुन्हा बांधून टाकली.

फेब्रुवारीत दार उघडलं तेव्हा पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेचा कुबट वास आला. गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळ्या बुरशीचे रुपयाएवढे ठिपके. गादीची खालची बाजू हाताला नुसती थंड लागत होती. दाबल्यावर बोटं ओली झाली. बायको म्हणाली, "हे पाणी आपलंच आहे." तेव्हा पटलं नाही.

आईने फोनवर सांगितलं, "अरे, वाटीत मीठ ठेव." अगदीच चूक नाही, इथे दुकानात ओल शोषायचे डबे मिळतात, त्यातलं कॅल्शियम क्लोराइडही एक प्रकारचं मीठच. तीन डबे ठेवले. पंधरा दिवसांत प्रत्येकात दोन बोटं पाणी साचलं, पण गादी काही सुकेना.

मग हिशेब मांडला. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे 1.6 किलो पाणी तयार होतं. हीटरचा धूर नळीतून बाहेर जातो, शेगडीचं पाणी मात्र आतच राहतं. वर तिघांचा श्वास. ही वाफ गार भिंतीवर, काचेवर आणि गादीखाली जाऊन बसते. बायकोचं खरं होतं.

आणि माझी कोकणी समजूत इथे उलटी पडली होती. राजापूरला जुलैत खिडकी उघडली की ओल आत येते. इथे हिवाळ्यात 4 अंशांची हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम 6 ग्रॅम पाणी असतं. ती आत घेऊन 18 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे हीटर लावायचा आणि स्कायलाइट दोन बोटं उघडा ठेवायचा! गॅस वाया जातो असं वाटतं, पण गाडी सुकते. गळलेला गॅस बाहेर जावा म्हणून गाडीच्या तळाला ठेवलेली भोकं तर थंडी लागते म्हणून कधीच बुजवायची नाहीत, त्यात जिवाशी गाठ आहे.

सगळीच ओल आमची नव्हती, हे ओलावा मोजायच्या मीटरने दाखवलं. त्याच्या दोन टोचण्या भिंतीत खुपसायच्या. बाकी सगळीकडे 12-14 टक्के, पण पलंगावरच्या कोपऱ्यात 26. पंधरापर्यंत ठीक, विसाच्या वर गेलं की शोध घ्यायचा. स्कायलाइटच्या कडेने पाणी झिरपत होतं. मागच्या मालकाने वरून सिलिकॉन फासलं होतं आणि खाली जुनं मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लगदा, वाळून तडकलेलं. ते सगळं खरवडायला दोन शनिवार गेले. मग ब्युटिल मॅस्टिक भरून चौकट पुन्हा बसवली.

कोपरा सुकवायला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, आणला, तोही आधी चुकीचा. स्वस्तातला कॉम्प्रेसरवाला घेतला. 5 अंशांत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरला आणि टाकी कोरडीच. गार गाडीला डेसिकंट, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा, प्रकार लागतो. तो थंडीतही पाणी ओढतो आणि वर थोडी ऊबही देतो. स्कायलाइट लावून तो सिंकमध्ये ठेवला, नळी मोरीत सोडली, गाडीखाली बादली. पहिल्या आठवड्यात ती बादली मी रोज रिकामी करत होतो.

यंदा ताडपत्री गॅरेजात आहे. गाडीवर हवा खेळेल असं कापडी आच्छादन. गाद्या उभ्या, खण आणि फ्रिजचं दार उघडं, टाकी-बॉयलर रिकामे, नळ उघडे. गाडीचं नाक थोडं वर, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. आईची मिठाची वाटी ओट्यावर आहेच.

कोपऱ्यातला आकडा 17 वर आलाय. मार्चमध्ये पुन्हा टोचून बघणार.