तुम्ही विचारलंत म्हणून : काय टाकलं गाडीत?

काही टाकलं नाही. हे उत्तर इतक्या वेळा दिलंय की आता मलाच ते खोटं वाटायला लागलंय.

बाजारात पाल बांधताना विचारतात, पंपावर विचारतात. परवा एका मयतीला गेलो होतो, तिथंही एकानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊ, तुमची व्हॅन आधी लय धूर सोडे. आता नाही सोडत. काय टाकलं तिच्यात?" विचारणाऱ्याला बाटलीचं नाव हवं असतं. "काही टाकलं नाही" म्हटलं की तो असा पाहतो, जसं काही मी गुप्तधनाची जागा लपवतोय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. पुढच्यानं विचारलं की हेच वाचायला देईन.

गाडी 2009 ची. पेट्रोल, तीन सिलिंडर, इंजिन समोरच्या सीटखाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचा यात दोष नाही. माझ्यासारख्याच्या हातात अडीच लाख किलोमीटर काढल्यावर कोणतंही इंजिन ऑइल पिईल आणि ते जाळून धूर सोडेल. मी कटलरीवाला. आर्वी, रोहणा, तळेगाव, कारंजा, खरांगणा असे माझे बाजार. बांगड्या, कंगवे, टिकल्या, रबरं. वर्धा-नागपूरहून माल आणणं धरून महिन्याला दोनेक हजार किलोमीटर होतात. उन्हाळ्यात सीटखालची भट्टी अशी तापते की चप्पल काढून पाय टेकवता येत नाही.

आधी मीही बाटलीवालाच होतो, हे कबूल करतो. गाडी पाचशे किलोमीटरला लिटरभर ऑइल खायला लागली तेव्हा कोणीतरी सांगितलं, 10-30 नंबरचं पातळ ऑइल सोडा, जाड 20-50 टाका. टाकलं. पाचशेचे आठशे झाले. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या फटीतून जाड ऑइल कमी निसटतं, एवढीच त्यातली करामत. झीज तिथंच असते. त्यावर धूर बंद करणारी एक बाटलीही ओतली. दोन आठवडे बरं वाटलं, आणि मग मी दोन मूर्खपणे केले. ते इथं लिहितोय, कारण तुमच्यातले निम्मे लोक आज तेच करत असतील.

एक, ऑइल मोजायच्या काडीवरच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्तच ओतायचो. पुरेल म्हणून. जास्त भरलेलं ऑइल खाली फिरणाऱ्या क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याला, लागतं, घुसळून फेसाळतं आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून थेट हवेच्या वाटेनं जळायला जातं. म्हणजे गाडी पीत नव्हती, मीच पाजत होतो.

दोन, ऑइल बदलणं सोडलं. माझा हिशोब असा, की रोज नवं ओततोच आहे तर जुनं काढायचं कशाला? बारा-तेरा हजार किलोमीटर मी ते तसंच चालवलं. त्या वेळी मला कोणी समजावलं असतं तर मी भांडलो असतो. आजही त्या हिशोबात नेमकी चूक कुठं, हे शोधायला क्षणभर लागतो, इतका तो पटण्यासारखा आहे. चूक अशी, की ऑइल जळून जातं आणि काजळी मागं राहते. वरून नवं ओतलं तरी खालचा गाळ तोच.

आता त्या दिवसाचं. हे सांगायचं नसतं तर बाकी सगळं दहा ओळींत झालं असतं.

2022 चा मे महिना. बाबांचं खुब्याचं हाड मार्चमध्ये मोडलं होतं, सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं, आणि दाखवायला न्यायची तारीख होती. बाबा तेव्हा पंचाहत्तरचे. पहाटे पाचला आम्ही तिघांनी मिळून त्यांना समोरच्या डाव्या सीटवर बसवलं. खाली एक उशी, कमरेमागं एक उशी, पाय लांब करायला आडवा टाकलेला बारदाना. बसताना ते ओरडले नाहीत, पण माझ्या खांद्यावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. ते टेकले, डोळे मिटले, आणि मला आठवलं, काडी पाहायची राहिली.

या गाडीत काडी पाहायची तर ती सीट उचलावी लागते. सीट उचलायची तर बाबांना उठवावं लागतं.

मी नाही उठवलं. मनात हिशोब केला : दहा दिवसांआधी भरलंय, सातशे किलोमीटर झालेत, आठशेला लिटर जातं, म्हणजे भरपूर आहे. हिशोब बरोबर होता, पण तो थंडीतल्या गाडीचा. लग्नसराईमुळे त्या दहा दिवसांत मी दुप्पट माल भरून, पंचेचाळीस डिग्रीत, सत्तरच्या खाली काटा न येऊ देता फिरलो होतो. गाडी तेव्हा साडेतीनशेला लिटर खात होती. हे मला नंतर कळलं. या इंजिनात ऑइल मावतंच मुळी तीनेक लिटर.

आणि अजून एक. दोन दिवसांपासून वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून विझत होता. मी डॅशबोर्डवर थाप मारायचो, तो विझायचा. वायर ढिली असेल म्हटलं. खाली ऑइल कमी असलं की वळणावर ते एका बाजूला जातं, पंपाच्या तोंडात हवा येते आणि दिवा लागतो. सरळ रस्ता आला की विझतो. माझ्या थापेनं नाही. शिवाय तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही ते सांगतो. तो लागून राहिला म्हणजे वेळ गेली.

खरांगणा गेल्यावर दिवा लागून राहिला. मी म्हटलं पुढच्या गावापर्यंत. मिनिटभरात सीटखालून टकटक सुरू झाली, कोणी आत हातोडी घेऊन बसल्यासारखी. बंद केली. गाडी तशीच घरंगळत रस्त्याच्या कडेला लागली.

उजाडत होतं. जंगलाच्या बाजूनं तेंदूपत्ता तोडायला निघालेली चार-पाच माणसं येत होती. त्यांना हात केला. बाबांना आता उठवावंच लागणार होतं. उशा काढल्या. एकानं काखेत हात घातला, मी पाय धरले, दोघी बायांनी रस्त्यावर बारदाना अंथरला. मोहाच्या झाडाखाली त्यांना टेकवलं. मग सीट उचलली, काडी काढली.

कोरडी. टोकाला काळा, डांबरासारखा एक थेंब, बस.

बाबा झाडाखालून बघत होते. चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "मले घरीच उठवलं असतं त काय झालं असतं?"

यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. बांगड्यांच्या खोक्यांमागं एक लिटरची बाटली होती, ती ओतली. पण इंजिन चालू करायची हिंमत झाली नाही. तासाभरानं भाजीची एक पिकअप थांबली, तिच्या ड्रायव्हरनं आपल्या बाजूला बाबांना घेतलं आणि मी मागं वांग्यांच्या क्रेटवर बसलो. तपासणी झाली. पाय ठीक होता. उतरवताना-चढवताना काही झालं नव्हतं. पण ते माझ्या हातात नव्हतं.

गाडी ओढून वर्ध्याला नेली. मिस्त्रीनं खोलली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, धरतात, खालची ऑइल खरवडून परत खाली पाठवते. तिच्या मागं पिस्टनला बारीक भोकं असतात, ऑइल त्यातून उतरतं. मिस्त्रीनं भोकात तार घालायचा प्रयत्न केला, गेली नाही. ती रिंगही खाचेत चिकटून बसली होती, बोटानं हलेना. "हे पा, तुमचं न बदललेलं ऑइल," तो म्हणाला. व्हॉल्व सील, म्हणजे व्हॉल्वच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणारी रबरं, नखानं दाबले तर प्लास्टिकसारखे तुटले. ब्रीदरचा व्हॉल्व हलवला की खडखड वाजायला हवा, माझा मुका होता. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली, तिथल्या फटीतून काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू आत गेलेले. धूळ म्हणजे आतून चालणारा पॉलिश पेपरच.

बोरिंगवाला म्हणाला, बोर मारा, म्हणजे सिलिंडर कापून मोठे करा, मोठे पिस्टन टाका, सत्तावीस हजार. मिस्त्रीनं गेज लावून मोजलं आणि म्हणाला, बोर अजून मापात बसतो. होनिंग करू, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासू, रिंगा, सील, बेरिंग टाकू. सोळा हजार आठशे. मी स्वस्त निवडलं, आणि ते शहाणपण होतं असा आव आणणार नाही. पैसेच तेवढे होते, तेही बायकोच्या बचत गटाचे. "गट बायांचा अन् तेल पिते तुमची गाडी," असं ती तेव्हा म्हणाली, अजूनही म्हणते.

नंतरचं पटकन सांगतो. पहिले पाचशे किलोमीटर गाडी उभी ठेवून चालू ठेवायची नाही, दामटायचीही नाही. चढ, उतार, भार, मोकळी, असं बदलत चालवायची, म्हणजे नव्या रिंगा बसतात. पाचशेला ऑइल बदललं. मग नऊशे किलोमीटरला लिटर, पुढं बाराशे, मग चौदाशेवर येऊन थांबलं. आता ऑइल पाच हजारांना बदलतो. पंचावन्न-साठच्या वर जात नाही. काडी रोज सकाळी, गाडी थंड असताना, मारुतीच्या देवळासमोरच्या सपाट फरशीवर. आमच्या अंगणाला उतार आहे, तिथं काडी खोटं बोलते. दोन खुणांच्या मध्ये असलं की ओतत नाही. वहीत लिहितो.

तुम्ही विचारता, मग आम्हीही रिंगा टाकाव्या का? नका. म्हणजे आधी नका. रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा टाका, सकाळी डाग दिसला तर ते खाणं नाही, गळणं आहे. मग ब्रीदर पाहा, दोन-तीनशेचं काम. मग कोणाला तरी मोटरसायकलवर मागं लावा. माझा मुलगा चालला होता मागं, पण दुरुस्तीनंतर. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चालू करताच निळा भपका निघाला आणि मग थांबला, तर सील. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निघाला, तर सील किंवा गाइड, म्हणजे व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी. चढावर भार असताना सारखाच निघत राहिला, तर रिंगा. खात्री करायची तर कंप्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांकडे, नाही चढला तर व्हॉल्वकडे.

हे सगळं मी आधी केलं नाही. सगळं एकदम बदललं, त्यामुळे कशानं फरक पडला हे मला छातीठोक सांगता येत नाही. सील तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, न उतरवताही बदलता येतात. ते आणि ब्रीदर, एवढं आधीच केलं असतं तर अडीच-तीन हजारांत भागलं असतं का? कधी वाटतं हो. मग ती चिकटलेली रिंग आठवते आणि वाटतं, काय भागतंय.

"विकून का टाकत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. विकायची कोणाला? घेणारा दुसरा बाजारवालाच असणार. आणि पैशाचं बोलायचं तर साडेतीनशेच्या हिशोबानं महिन्याला तेवीसशेचं ऑइल जात होतं, आता पावणेसहाशेचं जातं. दहा महिन्यांत काम फिटलं. मग आधीच का केलं नाहीस, असं मी त्या वेळच्या मला विचारतो, आणि तो म्हणतो, रोजची बाटली खिशातून निघते, सोळा हजार निघत नाहीत. तो चुकीचं बोलत नाही. 2024 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा 5000 फी भरून पासिंगही करून आणलं. म्हणजे आता पाच वर्षं ती आणि मी.

बाबा मात्र त्यानंतर गाडीत बसले नाहीत. 2022 च्या ऑगस्टमध्ये 75 च्या वरच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हापासून काठी टेकत स्टँडवर जातात. "मले फुकट हाय, तू कायले गाडी काढतं?" म्हणतात. खरं कारण तेच आहे का, मी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात चौदाशेचे साडेअकराशे झालेत. पुठ्ठा कोरडा आहे, ब्रीदर वाजतो. उन्हामुळे असेल. रविवारी बाजार नाही, मुलाला मागं चालायला सांगितलंय.