आमची वाटचाल: ॲसेटिकच्या ड्रमपासून फॉर्मिकच्या कॅनपर्यंत

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. माग वाढत गेले तशी कापड धुण्याची, ब्लीचिंगची, रंगाईची कामंही गावातच होऊ लागली. या कामांना लागणारं केमिकल पुरवायचं म्हणून आमच्या आप्पांनी दुकान टाकलं. कॉस्टिक (तीव्र अल्कली, म्हणजे क्षार), सोडा ॲश (धुण्याचा सोडा), हायड्रोस (रंगाईत लागणारं सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि ॲसेटिक ॲसिड हा सुरुवातीचा माल. आज दुकान मी बघतो, आणि आमच्या गोडाऊनमध्ये सगळ्यात जास्त जागा फॉर्मिक ॲसिडच्या निळ्या कॅननी घेतली आहे. हा बदल का झाला, ते सांगावंसं वाटतं.

कापड स्कॉअर करताना (अल्कलीत उकळून मेण-तेल काढताना) किंवा मर्सराइज करताना (चमक यावी म्हणून तीव्र कॉस्टिकमधून काढताना) कॉस्टिक धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरतं. वरून कितीही पाणी मारलं तरी आतलं सहजासहजी निघत नाही. तसंच कापड रंगाईला गेलं तर एकाच ताग्यात दोन छटा दिसतात. रिॲक्टिव्ह रंगाईनंतर (यात रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो) अल्कली राहिली आणि कापड साबणाच्या उकळीत गेलं, तर धाग्याला धरलेला रंगही सुटायला लागतो. हे सगळं टाळायला ॲसिड द्यायचं; ते अल्कलीला मारतं, म्हणजे निष्प्रभ करतं. स्वस्त पडतं म्हणून सल्फ्युरिक वापरणारे पूर्वी बरेच होते. आप्पा त्यांना सांगायचे, "मास्तर, कापड वाळताना पाणी उडून जातं, सल्फ्युरिक जात नाही." ते खरंच आहे. पाणी आटेल तसं मागे राहिलेलं ॲसिड तीव्र होत जातं, सेल्युलोजच्या (सुती धागा ज्याचा बनतो त्या पदार्थाच्या) साखळ्या तोडतं आणि कापड बोटांत टरकन फाटतं. ॲसेटिक आणि फॉर्मिक स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवणाऱ्या मशीनच्या) गरम हवेत उडून जातात. कापडाच्या धंद्यात सेंद्रिय ॲसिडला मान आहे तो यामुळे.

नवीन गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी त्याच्या कापडाचा तुकडा मागतो, तोही ताग्याच्या आतल्या घडीतला. त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या द्रावणाचा) एक थेंब टाकायचा. थेंब गुलाबी झाला की आत कॉस्टिक शिल्लक आहे. पुष्कळदा बाथचा (कापड ज्यात बुडवलंय त्या पाण्याचा) पीएच सात, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली, दाखवत असतो आणि कापड मात्र गुलाबी होतं. असं झालं की ॲसिडचा डोस वाढवण्याआधी आम्ही वेळ वाढवायला सांगतो, कारण ॲसिडलाही गाभ्यापर्यंत पोचायला अवधी लागतो.

ॲसेटिककडून फॉर्मिककडे आम्ही वळलो ते सांडपाण्यामुळे. एक किलो कॉस्टिक मारायला ग्लेशियल (जवळपास शुद्ध) ॲसेटिक दीड किलो लागतं, 85 टक्के फॉर्मिक साधारण 1.35 किलो. वजनातला हा फरक थोडाच आहे. खरा फरक सीओडीत, म्हणजे सांडपाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात, पडतो. ॲसेटिकचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, फॉर्मिकला अर्धाच. म्हणजे तेवढंच कॉस्टिक मारलं तरी ॲसिडमुळे येणारा सीओडीचा भार चौथ्या हिश्श्यावर येतो. पंचगंगेच्या काठावर धंदा करणाऱ्याने हा हिशोब मांडलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पॉलिएस्टरच्या डिस्पर्स रंगाईत (पाण्यात जवळपास न विरघळणाऱ्या रंगांच्या) पीएच साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान धरून ठेवायचा असतो. तिथे सोडियम ॲसिटेटच्या जोडीने ॲसेटिक चांगलं काम देतं, म्हणून ते आम्ही आजही ठेवतो. थंडीत मात्र त्याची काळजी घ्यावी लागते. 16.6 अंशांखाली ग्लेशियल ॲसेटिक गोठतं, आणि ते पातळ करायला ड्रमखाली जाळ करायचा विचारसुद्धा करू नये. 39 अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. ड्रम कोमट पाण्यात ठेवावा.

आता फॉर्मिकच्या धोक्याबद्दल. काही जातींची मुंगी चावल्यावर जी आग होते तिच्यामागे हेच ॲसिड असतं, पण मुंगीचा कण वेगळा आणि 35 किलोचा कॅन वेगळा. ते ॲसेटिकपेक्षा तीव्र आहे. अंगावर पडलं तर खोल भाजतं, आणि भाजलेला भाग मोठा असेल तर कातडीतून रक्तातही उतरतं. म्हणून कपडे लगेच काढून किमान 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. सोडा किंवा चुना लावायचा नाही, त्याने उष्णता तयार होऊन भाजणं वाढतं. हवेतली वाफ आठ तासांच्या पाळीत सरासरी 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 भाग) वर जाऊ नये. हातमोजे रबराचे हवेत, नायलॉनचे नाहीत. नायलॉन फॉर्मिकमध्ये थंडच विरघळतो. सूत नायलॉनचं की पॉलिएस्टरचं असा वाद घेऊन व्यापारी आमच्याकडे येतात, तेव्हा परीक्षानळीत दोन बोटं फॉर्मिक घेऊन धागा आत सोडतो. नायलॉन बघता बघता नाहीसा होतो, पॉलिएस्टर जसाच्या तसा राहतो.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि पेरॉक्साइड (हायड्रोजन पेरॉक्साइड) या ब्लीचिंगच्या मालाशेजारी फॉर्मिक कधीच ठेवू नये. हायपोत मिसळलं तर क्लोरीन सुटतो, पेरॉक्साइडबरोबर स्फोटक परफॉर्मिक तयार होऊ शकतं. साठवणीत फॉर्मिक हळूहळू विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड सोडतं, म्हणून कॅनला हवा सुटणारं झाकण लागतं. साधं घट्ट बूच बसवलेला कॅन आम्ही गाडीत चढवतच नाही. रिकामे कॅन आम्ही पैसे देऊन परत घेतो. बाहेर गेलेला कॅन कुणाच्या तरी घरी पिण्याच्या पाण्याला लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

कापडाबाहेरचंही एक गिऱ्हाईक आमच्याकडे आहे. दोडामार्गकडचे रबर बागायतदार चिकापासून शीट बनवायला हेच ॲसिड नेतात. त्यांनाही पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही, हे आम्ही दर वेळी सांगतो.

सध्या आम्ही छोट्या युनिटना डोसिंग पंप बसवून देतोय, म्हणजे कामगाराला मगाने ॲसिड ओतावं लागत नाही. ज्यांना पंप हवा असेल त्यांनी येताना मशीनमध्ये पाणी किती लिटर धरतं, बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (क्षारता) किती आणि दिवसाला कॉस्टिक किती लागतं, एवढं लिहून आणावं. डोसचा तक्ता आम्ही समोर बसून काढून देतो.