तुझी पिवळी, माझी निळी

हॉटव्हील्सची, म्हणजे तळहातावर मावणारी खेळण्यातली गाडी विकत घेण्यात मला आता फारशी गंमत वाटत नाही. दुकानात जायचं, हुकांवरची पाकिटं एकामागून एक सरकवायची, "मुलगा केवढा आहे, मॅडम?" या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर द्यायचं आणि पैसे देऊन निघायचं. (मुलगी आहे, इंजिनिअरिंगला आहे आणि तिला गाड्यांत शून्य रस आहे, हे काउंटरवर कुठे सांगत बसा!) खरी गंमत अदलाबदलीत.

रविवारी सकाळी आम्ही काही जण चहाच्या टेबलावर जमतो. एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतले साहेब, बाकी कॉलेजातली पोरं. पिशव्यांतून डबे निघतात, डब्यांतून टिश्यूत गुंडाळलेल्या गाड्या. पोरं मला "काकू" म्हणतात आणि त्याच दमात विचारतात, "काकू, ती निळी सोडणार का?" यावर लगेच हो म्हणायचं नसतं. गाडी उचलून खिडकीकडे धरायची, चाकं फिरवून बघायची, "बघू" म्हणायचं आणि चहाचा घोट घ्यायचा. समोरच्याचा जीव त्या घोटाएवढा वेळ टांगणीला लागला पाहिजे.

खरं तर या गाड्या बदलून घेण्यासाठीच जन्माला आल्यात असं माझं मत आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. म्हणून त्याने तिला एक इवलासा रोडरोलर करून दिला आणि त्यातून 1953 मध्ये मॅचबॉक्स या इवल्या गाड्यांचं उत्पादन सुरू झालं. आता वस्तू शाळेत न्यायची म्हटल्यावर मधल्या सुट्टीत तिचं काय होणार, हे सांगायला नको. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीने हॉटव्हील्स आणल्या त्या 1968 मध्ये. खऱ्या गाडीशी प्रमाण म्हणायला एकास चौसष्ट, पण ट्रक असो की मिनीसारखी चिमुकली मोटार, सगळ्यांना एकाच मापाच्या पाकिटात बसवायचं, त्यामुळे दोघांची लांबी जवळपास सारखी. डोळ्यांना खटकतं, पण एकाला एक देताना सोयीचं पडतं.

या सुखात मिठाचा खडा टाकला तो ट्रेझर हंटने. 1995 पासून कंपनी दरवर्षी काही गाड्या मुद्दाम कमी काढते. त्यातली 'सुपर' म्हणजे चकचकीत पारदर्शक रंग आणि रबरी टायर. बहात्तर गाड्यांचा खोका दुकानात फुटायच्या आधीच काही महाभाग तिथे हजर असतात, सुपर काढून घेतात आणि चौपट-दहापट भावाने विकतात. त्यांना मी संग्राहक म्हणत नाही. आमच्या टेबलावर भाव काढायचा नाही असा अलिखित नियम आहे. मला डिलिव्हरी व्हॅन आणि कचऱ्याचे ट्रक आवडतात, पोरांना निसानची वेगवान स्कायलाइन. मी स्कायलाइन देते, रंग उडालेली फोक्सवॅगन व्हॅन घेते, आणि दोघंही मनात म्हणतो, फसला बिचारा!

अर्थात डोळे उघडे ठेवावे लागतात. "एकोणसत्तरची आहे ताई, ओरिजिनल," असं जुन्या बाजारातला विक्रेता गाडी उलटी करून दाखवतो. पण तळावरचं साल असतं ते त्या साच्याचं. गाडी गेल्या वर्षी मलेशियात ओतलेली असू शकते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्या, तर आणखी अवघड. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर काही वर्षांनी अंगावर बारीक भेगा पडतात आणि गाडी आपोआप भुगा होते. त्याला औषध नाही.

मजा अशी की आपल्याकडचं ओबडधोबड ते परदेशात दुर्मीळ. साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीचे जुने साचे कोलकात्याला आले आणि 'निकी' नावाने गाड्या निघू लागल्या. पुढे हॉटव्हील्सही इथे 'लिओ मॅटेल' म्हणून बनायच्या. इथल्या काही रंगांच्या गाड्या बाहेर कुठे निघाल्याच नाहीत, त्यामुळे तिकडचे लोक त्यांच्यासाठी हात धुऊन मागे लागतात.

तशी एक लिओ माझ्याकडे आहे, बंपर दाताने चावलेला. फिनलंडमधले एक गृहस्थ तिच्याबदल्यात पाच सुपर द्यायला तयार आहेत. नेहमीप्रमाणे मी "बघू" म्हटलंय. पण ही बातमी भावाच्या कानावर गेली. त्याचं म्हणणं, गाडी मुळात त्याचीच, दातही त्याचेच, तेव्हा पाचातल्या तीन त्याच्या. मी दोनवर अडले आहे.