ठासणीच्या बंदुकीसाठी नवी गोळी पारखताना

ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्याला दुसरा बार सहसा मिळत नाही. दारू मापून नळीत ओतायची, गोळी गजाने तळापर्यंत ठासायची आणि दारू पेटवणारा प्रायमर बसवायचा, एवढे होईपर्यंत जनावर दृष्टीआड झालेले असते. म्हणून नवी गोळी हाती आली की मी तिची पारख पहिल्या बाराच्या हिशेबानेच करतो. गोळी कागदावर किती जवळजवळ भोके पाडते आणि शरीरात शिरल्यावर कशी पसरते, या दोन परीक्षा वेगळ्या आहेत हे खरे. पण त्या दारूच्या एकाच मापाने आणि ज्या अंतरावर प्रत्यक्ष बार टाकायचा त्याच अंतरावर घेतल्या नाहीत, तर एका परीक्षेचा निकाल दुसरीला लागू पडत नाही.

पहिली तपासणी बार टाकण्याआधीच होते, आणि ती नळीतील आट्यांच्या, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या, पिळाची. जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेले सूत्र शिशाच्या गोळीसाठी आजही कामी येते: गोळीच्या व्यासाचा वर्ग करून त्याला १५० ने गुणावे आणि नळीतील आटा जितक्या इंचांत एक फेरा पूर्ण करतो त्या आकड्याने भागावे, म्हणजे ती नळी साधारण किती लांबीची गोळी स्थिर ठेवू शकेल ते कळते. अर्धा इंच व्यासाच्या नळीत ४८ इंचांत एक फेरा असेल तर हे उत्तर सुमारे ०.७८ इंच येते आणि २८ इंचांत एक फेरा असेल तर १.३४ इंच. मंद पिळाच्या जुन्या घडणीच्या बंदुकीत लांब, टोकदार गोळी घालून तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती नळी चिंधीत गुंडाळलेल्या वाटोळ्या गोळीसाठी किंवा आखूड, शंकूच्या आकाराच्या गोळीसाठीच केलेली असते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसले, तर गोळी आडवी होत गेली असे समजावे आणि त्या जोडीचा नाद तिथेच सोडावा.

यानंतरचा प्रश्न ठासण्याचा आहे, आणि माझ्या मते अचूकतेचा मोठा भाग इथेच ठरतो. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपात मागे राहतो. ही काजळी हवेतील ओल धरते, आट्यांत साचते आणि पुढची गोळी अडवते. १८५७ साली ज्या काडतुसांवरून एवढे रण पेटले, त्या एन्फिल्डच्या काडतुसांना चरबी लावण्यामागे हेच कारण होते: गोळी सहज खाली उतरावी आणि काजळी मऊ राहावी. काळ्या दारूऐवजी वापरल्या जाणाऱ्या आजच्या पर्यायी दारूंपैकी काही कमी घाण करतात, तर काहींच्या बाबतीत गोळी बसते त्या जागी टणक कडे धरते. चाचणी घेताना प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि मग कोरड्या चिंध्या फिरवून नळी दर वेळी सारख्याच स्थितीत आणावी, नाहीतर आपण गोळीची नव्हे, काजळीची परीक्षा घेत बसतो. गोळी दारूवर पूर्ण टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी एक खूण करून ठेवावी आणि पुढे दर वेळी ती खूण जुळते की नाही ते पाहावे. ही खूण अचूकतेसाठी हवीच, पण त्याहून अधिक ती जिवासाठी हवी, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. त्याच काळजीने हेही सांगतो की बंदूक बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर बिनधुराची दारू तिच्यात कधीही घालू नये.

प्लॅस्टिकच्या वेष्टणातून, म्हणजे साबोतून, सुटणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत बार झाल्यावर पुढे चालत जाऊन ते वेष्टण शोधण्याचे कष्ट मी अवश्य घेतो. ते बोटांत धरून पाहिले की पुष्कळ काही समजते. चारही पाकळ्या सारख्या मागे वळलेल्या असतील, त्यांच्यावर आट्यांचे ठसे स्वच्छ उमटले असतील आणि बूड अखंड असेल, तर गोळी सरळ सुटली असा विश्वास वाटतो. बुडाला वितळल्यासारखे छिद्र पडले असेल किंवा एखादी पाकळी मुळापासून तुटली असेल, तर वायू बाजूने निसटला आहे, आणि त्या दिवशी कागदावर भोकांचा पुंजका चांगला पडला असला तरी तो पुन्हा तसाच पडेल याची खात्री धरता येत नाही. तापलेल्या नळीत प्लॅस्टिक मऊ पडते, म्हणून दोन बारांमध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये ठासणीच्या बंदुकीसाठी राखून ठेवलेल्या हंगामात साबो वापरता येत नाहीत. अशा ठिकाणी शिकार करणाऱ्याने नळीच्या पूर्ण मापाच्या गोळीवरच चाचणी घ्यावी.

कागदावरच्या परीक्षेत मी थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या बारांचा वेगळा कागद ठेवतो. एका बैठकीत ओळीने टाकलेल्या तीन बारांचा सुरेख पुंजका मनाला सुखावतो, पण तीन भोकांवर योगायोगाचा वाटा फार मोठा असतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हवेत टाकलेले पहिले बार एकाच कागदावर साठत गेले की त्यांच्या पसाऱ्यातून त्या गोळीची खरी लायकी दिसते. सोबत वेगमापक असेल तर उत्तम. वेग बारागणिक बराच बदलत असेल, तर दोष बहुधा दारू मापण्यात किंवा ठासण्याच्या दाबात असतो. पर्यायी दारूच्या बाबतीत मापातले, म्हणजे आकारमानाने मोजलेले, १०० ग्रेन (दारू मोजण्याचे एकक) आणि वजनातले १०० ग्रेन सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

मात्र ज्या परीक्षेला मी सर्वाधिक महत्त्व देतो ती पसरण्याची. ठासणीच्या बंदुकीतील गोळ्या झपाट्याने वेग गमावतात. ०.४९ इंची वाटोळी गोळी सेकंदाला १,९०० फुटांच्या वेगाने निघाली, तरी १०० यार्डांवर पोहोचेपर्यंत त्यातला सुमारे ४० टक्के वेग संपलेला असतो. टोकदार गोळी वेग अधिक टिकवते, परंतु तिचे टोक उलगडायलाही ठरावीक वेग लागतोच. जवळून मारलेली गोळी छान उमलली म्हणून ती १५० यार्डांवरही उमलेल असे नाही. दारू कमी करून दूरच्या अंतराचा वेग जवळच आणण्याची युक्ती पुष्कळ जण वापरतात. मला ती अपुरी वाटते, कारण दारू कमी केली की गोळीची गिरकीही कमी होते, तर प्रत्यक्ष उड्डाणात पुढचा वेग घटला तरी गिरकी बऱ्याच अंशी टिकून राहते. म्हणून खऱ्या अंतरावरूनच मारावे. माध्यम म्हणून ४ अंश सेल्सियसला ठेवलेला १० टक्के जिलेटिनचा ठोकळा सर्वांत भरवशाचा. पाण्याने भरलेले डबे ओळीने मांडूनही तुलना होते, मात्र पाण्यात गोळी शरीरातल्यापेक्षा अधिक पसरते, त्यामुळे त्यातून फक्त दोन गोळ्यांमधला फरक पाहावा. हाती आलेली गोळी धुऊन तिचा सर्वांत रुंद व्यास आणि उरलेले वजन नोंदवावे.

तांब्याच्या गोळ्या या परीक्षेत वजन जवळजवळ पूर्ण राखतात, तर मऊ शिसे सहज पसरते आणि त्याचे कण मांसात विखुरतात. मृत जनावरांवर जगणाऱ्या गिधाडांना त्या कणांचे विष बाधते, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणजे पुन्हा पिळाचा हिशेब आला; शिवाय कमी वेगात तांबे उलगडायला कचरते. तरीही माझा कल आता तांब्याकडे आहे, फक्त अंतराची मर्यादा कडक ठेवून. ही मर्यादा मी दोन आकड्यांवरून ठरवतो: थंड नळीतील पहिल्या बारांचा पसारा सहा इंचांच्या आत राहतो ते अंतर, आणि गोळी ठोकळ्यात खात्रीने उमलते ते अंतर. या दोहोंतले जे कमी असेल त्याच्यापुढे उभ्या असलेल्या जनावरावर ती गोळी चालवायची नाही.