तुम्ही विचारलंत म्हणून: आईला बघायला चांगली बाई कुठे मिळेल?

माझी सगळी नोकरी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर पुण्यातल्या अर्ध्या ओळखीच्यांना माझा नंबर एकाच कामासाठी आठवतो. "आईला बघायला एखादी चांगली बाई आहे का हो तुमच्या माहितीत?" विचारणारा कधी कोथरूडचा असतो, कधी सहकारनगरचा, कधी थेट न्यू जर्सीहून बोलत असतो. पुढच्या अटी मला पाठ आहेत. विश्वासू हवी, चोवीस तासांची हवी, मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारी नको. मग आवाज जरा खाली येतो: "आणि शक्यतो आपल्यातली." त्यावर मी मुद्दाम विचारते, "म्हणजे नर्सिंग झालेली ना?" पलीकडे थोडा वेळ शांतता असते.

नंबर देते मी. पण त्याआधी जे बोलायचं असतं ते फोनवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी हिशेब. आठवड्याचे तास 168. बारा-बारा तासांच्या ड्यूट्या लावल्या तर 14 ड्यूट्या होतात. बाईला आठवड्यातून एक सुट्टी दिली तर ती 6 करणार. दोघींच्या मिळून 12 झाल्या, उरलेल्या दोन कुणी करायच्या? म्हणजे तिसरी लागतेच. हॉस्पिटलात आठ तासांच्या तीन पाळ्या असतात. त्यात साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपणं, बाळंतपणं धरली की एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला चार-पाच माणसं हाताशी असावी लागतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत रजेपोटी 30 टक्के जादा माणसं धरायला सांगितलंय ते याचसाठी. तुमच्या घरात मात्र हा सगळा वॉर्ड एकटी बाई चालवते, आणि ती दिवाळीला चार दिवस गावी गेली की आपण म्हणतो, या बायकांचा काही भरवसा नाही.

ही बाई येते कुठून? बहुतेक वेळा लातूर, बीड, सोलापूरकडून आलेलं कुटुंब, आता अप्पर इंदिरानगर नाहीतर येरवड्यात भाड्याच्या खोलीत. आधी धुणीभांडी केलेली असतात, मग कुणीतरी सांगतं की पेशंटच्या कामात पैसे जास्त आहेत. ती ब्यूरोत, म्हणजे घरोघरी पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या एजन्सीत, नाव घालते. डायपर बदलता येतो का, बीपी बघता येतं का, असं विचारतात. ती हो म्हणते. दुसऱ्या दिवशी अंगात एप्रन आणि समोर तुमची आई. तुम्ही देता त्या पैशातून कमिशन कापलं जातं, पण तिला शिकवण्यावर त्यातलं काही खर्च झालेलं मी क्वचितच पाहिलंय. ती शिकते ते पेशंटवरच.

आणि शिकायचं काय असतं त्यात, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाच, खुबा या जागा रोज उघडून, उजेडात बघाव्या लागतात. लाल झालेली जागा बोटानं दाबली आणि पांढरी पडली नाही, तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असं समजायचं. तिथे चोळायचं नाही. आपल्याकडे स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळण्याची हौस फार, त्यानं आतली कातडी आणखी दुखावते. खाली रबरी रिंग घालायची ती अजून एक हौस. तिच्या कडेनं रक्तपुरवठा दबतो. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उचललेली हवी आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. अर्धांग झालेल्याला चालवताना लुळ्या बाजूला उभं राहायचं, पण लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. नर्सिंगच्या शाळेत आम्ही मुलींना पोझिशन शिकवताना आधी त्यांनाच पलंगावर झोपवत असू आणि अजिबात हलू नका म्हणून सांगत असू. थोड्याच वेळात कुरकुर सुरू व्हायची. मग पुस्तकातलं पान वेगळं समजावावं लागत नसे.

आता तुम्ही म्हणाल, मग शिकलेल्याच बायका का घेत नाही? नर्सिंगच्या शिक्षणात सगळ्यात खालचं एएनएम दोन वर्षांचं, त्यावरचं जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. इतकं शिकलेली मुलगी हॉस्पिटलात जाईल, परदेशात जाईल; तुमच्या घरी आमटीभात भरवायला का येईल? तिच्याकडून ती अपेक्षाही चुकीची आहे. त्या खालच्या पायरीसाठी अभ्यासक्रम नाहीत असंही नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं रुग्णसहायकाचा शिक्षणक्रम चालवलाय. 2015 नंतर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे कोर्स आले. पण कोर्स करायचा म्हणजे तेवढे महिने मजुरी बुडवायची, आणि करून आल्यावर ब्यूरोचा दर बहुधा तोच. सर्टिफिकेट दाखवल्यावर तुम्ही कधी दोन हजार जास्त दिलेत? खरं सांगा.

वर चढायची वाटही बंद. एएनएमला प्रवेश घ्यायचा तर बारावी लागते. आठवीत शाळा सुटलेल्या बाईनं पंधरा वर्षं पेशंट सांभाळले तरी कागदावर त्याची किंमत शून्य. वरच्या पायऱ्यांवर मात्र सरकारला मधला पूल बांधता येतो. 2018 पासून गावातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले, तेव्हा आयुर्वेदाचं बी.ए.एम.एस. आणि नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन त्या कामावर घेतलंच की. आणि 2005 पासून गावोगाव राबणाऱ्या आशाताई? साधारण हजार लोकवस्तीमागे एक, पण अजून 'स्वयंसेविका', पगार नाही, मोबदला. मनुष्यबळाचं नियोजन म्हणतात ते हॉस्पिटलच्या खाटा आणि मंजूर पदं मोजून होतं. तुमच्या बेडरूममधली खाट त्या हिशेबात येतच नाही, त्यामुळे तिच्याशेजारी बसणारी बाईही येत नाही.

पुण्याला तरी हे नवं वाटू नये. 1909 साली रमाबाई रानड्यांनी इथे सेवासदन उभं केलं आणि तिथून विधवा, गरजू बायका नर्स होऊन बाहेर पडल्या. परक्या रोग्याच्या अंगाला हात लावायचा, यावर त्या काळच्या पेठांमधल्या ओट्यांवर काय काय बोललं गेलं असेल! पण त्या बायकांना आधी शिक्षण मिळालं, मग काम. आपल्या ब्यूरोच्या बाईला आधी काम मिळतं, आणि शिक्षण राहूनच जातं.

सरकार करील तेव्हा करील. तोवर तुमच्या हातात जे आहे ते सांगते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी ब्यूरोला फोन लावू नका. दोन-तीन दिवस आधी बाई ठरवा आणि तिला वॉर्डात न्या, त्या दिवसांचे पैसे देऊन. सिस्टरना सांगा की कूस बदलणं, स्पंजिंग (ओल्या फडक्यानं अंग पुसणं), नळीतून भरवणं, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी रिकामी करणं हे हिच्यासमोर करा आणि मग हिच्या हातानं करून घ्या. सिस्टर कामात असतात, एकदा नाही म्हणतील, पुन्हा विचारा. घरातल्या एकानंही तिथे उभं राहून शिकावं, कारण सुट्टीची ड्यूटी त्यालाच करायची आहे. बाई नवीन काही शिकली की त्या महिन्यापासून पैसे वाढवा, दिवाळीच्या साडीवर भागवू नका. झोपायला तिला खरी जागा द्या, पेशंटच्या पलंगाखालची सतरंजी नको.

इंजेक्शन, सक्शन (यंत्रानं घशातला कफ ओढून काढणं), नाकातली नळी घालणं ही नोंदणी झालेल्या नर्सची कामं आहेत. नर्सची व्हिजिट वाचावी म्हणून 'मावशींना येतं की' असं म्हणत ती बाईकडून करून घेऊ नका. काही बिघडलं तर पहिला जाब तिलाच द्यावा लागतो.

आणि मला फोन कराल तेव्हा पेशंटचं वजन सांगा. ब्यूरो सहसा विचारत नाही, तुम्ही आपणहून सांगत नाही, आणि मग 80 किलोचे आजोबा उचलायला 45 किलोची बाई येते.