भरतीचं गणित कोणाला येतं?

मुंबईचे डबेवाले जगाला ठाऊक. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना भेटून गेले. वरळी-वेसाव्याच्या कोळ्यांचं भरतीचं गणित मात्र शेजारच्या टॉवरमध्येही पोचलेलं नाही. याचं वाईट वाटतं, कारण ते किती सोपं आहे! तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच. खाडीत आत पाणी उशिरा चढतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. सखल भागातल्या चाळकऱ्यांनी पावसाळ्यात हे पाहावंच: भरती ४.५ मीटरवर गेली की पर्जन्यवाहिन्यांची तोंडं समुद्राखाली जातात आणि पावसाचं पाणी गल्लीतच तुंबतं.