परड्यातला वाढदिवस

रविवार, रात्री उशिरा.

हात दोनदा घासले तरी नखं काही उजळत नाहीत. रंगपंचमीचा जांभळा आधीच बसलेला, त्यावर आज परड्यातली काळी माती.

यंदा वाढदिवसाला कुणी काही आणू नका, अर्धा दिवस द्या आणि घरात कुदळ-खोरं असेल तर घेऊन या, असं ग्रुपवर टाकलं. पहिलं उत्तर महेशचं, "जेवणाचं काय?" अनुजानं मात्र थेट फोन केला. "आधी परड्यात पाणी सोड. काळी माती वाळली की दगड असते. वापसा येऊ दे, मग बोलव आम्हाला." गुरुवारी पाईप लावून ठेवला. आज सकाळी ढेकूळ मुठीत दाबलं की सुटं होत होतं, हाताला चिकटत नव्हतं, म्हणजे वापसा आला होता.

अनुजा बँकेत मोठ्या हुद्द्यावर. इतक्या वर्षांत तिला कडक इस्त्रीशिवाय पाहिलेलं आठवत नाही. ती मूळची शिरोळकडची हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. महेशनं चार घाव घालून कंबर धरली, तशी ती उठली. "सर बाजूला, मी मारतो." कुदळ डोक्यावर न नेता, खांद्याइतकीच उचलून, एका लयीत. तासाभरात सरळ रेषेत सऱ्या पडल्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "ही रानात वाढलेली पोरगी आहे, तुम्ही नुसते जेवायला या." उकरताना कौलांचे तुकडे निघाले, बांगड्यांच्या काचा निघाल्या, आणि एक पितळी पळी निघाली. ती आत्यांनी ताबडतोब ओळखली आणि धुऊन पदरात बांधली. कुणाची, कधीची, विचारलं तर नुसत्या हसल्या.

काय लावायचं यावर बरीच वादावादी. मला पालक हवा होता. अनुजानं साफ नाकारला. चैत्राच्या उन्हात पानं खायच्या आत तुरे येतात, पालक दिवाळीनंतर. मग भेंडी, गवार, तांबडा माठ आणि भिंतीकडेनं काकडी, दोडका. भेंडीचं बी रात्रीच भिजत घातलं होतं. फूटभर अंतरावर दोन-दोन बिया, बोटाच्या पेरभर खोल. कोथिंबिरीला पेरूखालची सावली दिली. महेशनं पायातली कापशी चप्पल काढली आणि फरशीवर धणे रगडायला बसला. धण्याचे दोन भाग व्हायला हवेत, चुरा नको, कारण प्रत्येक भागात एकेक बी. सगळ्यांनी डोळे बारीक करून तपासले. कडेनं झेंडू, त्यानं मातीतल्या, मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो.

शेणखत गल्लीतल्याच गोठ्यातलं. पेठेत अजून म्हशी आहेत हे आमचं नशीब. हात घालून बघितलं, गार होतं, म्हणजे पुरतं कुजलेलं. महेशनं कागलच्या चुलतभावाकडून उसाचं पाचट पोत्यात भरून आणलं होतं. ऊस गेला की ते रानात पेटवूनच देतात, खरं तर उन्हाळ्यात ओल धरायला त्याच्यासारखं काही नाही. बी वर आलं की ते पसरायचं.

दुपारी मटण. रविवार आणि कोल्हापूर, त्यात वाढदिवस, दुसरं काही करायची माझी हिंमत नव्हती. पांढऱ्या रश्श्यानंतर कुणी खोऱ्याला हात लावला नाही. मिरचीची रोपं राहिली होती, ती ऊन उतरल्यावर अनुजा आणि मी, आम्ही दोघींनीच लावली. केक कुणीतरी आणलाच होता, तो मुलांनी संपवला.

खरं सांगायचं तर हॉटेलात भेटायचं म्हटलं की या मंडळींच्या तारखा जुळत नाहीत. आज मात्र निघताना प्रत्येकजण आपापली सरी ठरवून गेला. गवारीवर अनुजाचा हक्क, काकडीवर महेशचा. वेलांच्या मांडवाला बांबू कुणी आणायचे यावर अजून ग्रुपवर भांडण चालू आहे. मुंग्या बी नेतील म्हणून आत्यांनी चुलीतली राख मागवली आहे. आता ती कुठून आणायची, हे सकाळी बघू.